वाफेचा धनी : जेम्स वॅट

विजेचा दिवा विकत घ्यावयास आपण गेलो म्हणजे, किती वॅटचा हवा, असे दुकानदार प्रथम विचारतो. आमच्या खडेबाजारातील दुकानदार हे विचारतो आणि सातासमुद्रापलीकडचा दुकानदारही हेच विचारतो. ज्याचे नाव घरोघर रोज उच्चारले जाते, परंतु ते एका माणसाचे नाव आहे ह्याचे भान मात्र क्वचितच कोणास असते, असा पुरुष विरळा. तो पुरुष म्हणजे स्कॉटलंडचा यंत्रज्ञ जेम्स वॅट होय.

वॅटचे नाव निघाले की किटलीची गोष्ट आठवते. चुलीवरील किटलीचे झाकण वाफेने उडताना बाळ जेम्सने पाहिले आणि त्यातून वाफेचे यंत्र निर्माण झाले, असे लहानपणी आम्ही सर्वांनीच वाचले. गोष्ट गोड आहे. पण आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी पेजेच्या मडकीवरील झाकण पिढ्यान्‌पिढ्या उडत आले, म्हणून काही घरोघरी यंत्रे निघाली नाहीत. शिवाय वॅटचा जन्म झाला तो १७३६ साली, आणि इंग्लंडातील डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर टॉमस न्यूकोमेन ह्याचे वाफेचे यंत्र पाणी उपसू लागले ते १७१२ साली. म्हणजे वॅटपूर्वी चोवीस वर्षे वाफ माणसाच्या सेवेस लागलेली होती. मग वॅटने केले ते काय? आणि जे केले त्यावर धनीपण कोणाचे? ह्या दुसऱ्या प्रश्नावरून इंग्लंडात सहा वर्षे खटले चालले. विद्यार्थिमित्रांनो, किटलीची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच. म्हणून आम्ही येथे वॅटचे चरित्र त्या तंट्याच्या अंगाने सांगण्याचे योजिले आहे.

क्लाइड नदीच्या मुखाशी ग्रीनॉक नावाचे बंदर आहे. तेथे १७३६ च्या जानेवारीत जेम्सचा जन्म झाला. वडील जहाजांचे काम व व्यापार करीत. आजोबा गणिताचे शिक्षक होते. मूल प्रकृतीने अशक्त, डोकेदुखीने नित्य पीडलेले. त्यामुळे आरंभीचे शिक्षण बरेचसे घरीच झाले. वडिलांच्या कारखान्यात त्याला स्वतःची लहान हत्यारे मिळाली आणि त्याचा हात बसला. अठराव्या वर्षाच्या सुमारास आई गेली, वडिलांचा व्यापारही खालावला. तेव्हा गणिती व वैज्ञानिक उपकरणे तयार करण्याची विद्या शिकावी म्हणून १७५५ साली तो लंडनला गेला. ह्या धंद्यात उमेदवारीची मुदत सात वर्षांची असे. त्याने जॉन मॉर्गन नावाच्या कारागिराजवळ एका वर्षात, अर्धपोटी राहून व प्रकृती खर्ची घालून, ती विद्या हस्तगत केली. परत आल्यावर ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली आणि १७५७ पासून तो विद्यापीठाचा उपकरणकार झाला. जोसेफ ब्लॅक ह्यांच्यासारखे उष्णतेचे गाढे अभ्यासक तेथे त्याचे स्नेही बनले. कारागीर आणि पंडित ह्यांची अशी मैत्री त्या काळी दुर्मिळ होती; आजही ती फारशी सुलभ झाली आहे असे आम्हांस वाटत नाही.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठातील न्यूकोमेन यंत्राची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीसाठी वॅटकडे आली. ह्या यंत्राची रीत अशी : एका मोठ्या नळकांड्यात वाफ भरावयाची, मग त्यातच थंड पाण्याचा फवारा सोडावयाचा, वाफेचे पाणी होऊन आत पोकळी उत्पन्न झाली की बाहेरील हवेचा दाब दट्ट्यास खाली ढकलतो आणि दट्ट्याबरोबर पंपाचा दांडा वर येतो. ही प्रतिकृती चालू केली की चार-दोन फेऱ्यांत सारी वाफ संपून जाई. ह्याचे कारण वॅट शोधू लागला. त्याने वाफ मोजली, पाणी मोजले, उष्णता मोजली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, प्रत्येक फेरीस नळकांडे थंड होते आणि पुढल्या फेरीस येणाऱ्या वाफेचा बहुतेक भाग ते पुन्हा तापविण्यातच खर्च होतो. एखाद्या बाईने प्रत्येक भाकरीनंतर तवा पाण्यात बुडवावा आणि पुन्हा चुलीवर ठेवावा, तशातलाच हा प्रकार! सरपण भाकरीला लागत नाही, तव्यालाच लागते.

ह्यावर तोड कोणती? १७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरावयास गेला असता ती त्याला सुचली. वाफ थंड करावयाची ती नळकांड्यात करू नये. शेजारी दुसरे भांडे ठेवून, त्यात पोकळी करून, वाफेस तिकडे जाऊ द्यावे व तेथे तिचे पाणी करावे. नळकांडे सदैव तप्त, ते भांडे सदैव थंड. ह्या भांड्यास संघनक म्हणतात. कल्पना इतकी साधी की ऐकणाऱ्यास ती आपणासच का सुचली नाही असे वाटावे. आणि साध्या कल्पनेचा हाच मोठा धोका असतो : ती एकदा कानी पडली की कोणासही उचलता येते.

म्हणून येथून पुढे गुप्ततेचा अध्याय सुरू होतो. यंत्र बांधावयाचे तर पैसा हवा. वॅटला कर्ज होते. कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्याचे एक संस्थापक डॉ. जॉन रोबक ह्यांनी त्याचे सुमारे एक हजार पौंडांचे कर्ज आपल्या अंगावर घेतले, पेटंटाचा खर्चही पत्करला आणि मोबदल्यात शोधाचा दोन-तृतीयांश हक्क घेतला. कल्पना डोक्यात होती तोवरच तिच्या तीन वाट्यांपैकी दोन परक्याचे झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रोबक ह्यांच्या किनील येथील वाड्यामागे एका आडबाजूच्या खोपटात, लोकांच्या दृष्टीआड, पहिले मोठे यंत्र उभारण्यात आले. ५ जानेवारी १७६९ रोजी वॅटला पेटंट, म्हणजे राजसत्तेने ठराविक मुदतीपुरता दिलेला अनन्य हक्क, प्राप्त झाला.

पेटंटाचा व्यवहार कसा असतो, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सारा तंटा त्यावरच आहे. शोधकाने आपली युक्ती लेखी वर्णन करून समाजास द्यावी; त्याबद्दल समाजाने काही वर्षे ती इतरांस वापरू देऊ नये. हा उभयपक्षी करार आहे. परंतु वॅटने आपल्या स्नेह्यांच्या सल्ल्याने जे वर्णन दाखल केले, त्यात एकही आकृती नव्हती. नळकांडे तप्त ठेवावे, वाफ निराळ्या भांड्यात थंड करावी, अशी तत्त्वे तेवढी त्यात सांगितली होती. ह्यात चातुर्य दुहेरी होते. आकृती दिली तर लोक तिच्यात थोडा फेरफार करून निसटणार. तत्त्वच आपले म्हटले तर कोणासही निसटता येणार नाही. शिवाय यंत्र प्रत्यक्ष कसे घडवावे, ते गुप्तच राहणार. हक्क सर्व घेतला, पण कुलपाची किल्ली हातची सोडली नाही. ह्या चातुर्याची किंमत पुढे त्याला सव्याज द्यावी लागली.

किनीलचे यंत्र मात्र नीट चालले नाही. नळकांडे अचूक गोल कोरणारा कारागीरच मिळेना. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत डोंगरदऱ्यांतून हिंडू लागला. १७७३ साली रोबक ह्यांचे दिवाळे निघाले आणि त्याच वर्षी वॅटची पत्नी मार्गारेट बाळंतपणात निवर्तली. रोबक ह्यांचे धनको जमले तेव्हा वाफेच्या यंत्रातील त्यांच्या वाट्यास कोणी कवडीचीही किंमत देईना. बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन ह्यांचे रोबककडे बाराशे पौंड येणे होते. त्यांनी त्या रकमेच्या बदली हाच निरुपयोगी समजला गेलेला वाटा मागून घेतला. पुढे ज्याने इंग्लंडचे रूप पालटले त्या शोधाची मालकी अशी एका बुडीत कर्जाच्या फेडीत हस्तांतरित झाली!

बोल्टन हे धाडसी, आनंदी व व्यवहारकुशल गृहस्थ होते. वॅट भिडस्त, चिंतातुर आणि देण्याघेण्याच्या बोलण्यास भिणारा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. १७७४ साली वॅट बर्मिंगहॅमला राहावयास गेला. जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंड-कारखानदाराने तोफा कोरण्यासाठी योजिलेल्या नव्या रीतीने नळकांडी अचूक कोरली जाऊ लागली. आता एकच अडचण उरली. पेटंटाची मुदत चौदा वर्षांची, आणि त्यातील सहा वर्षे तर सरलीच होती. म्हणून १७७५ साली दोघांनी पार्लमेंटाकडे धाव घेतली. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविणारे एडमंड बर्क ह्यांनी, अशी मक्तेदारी लोकहितास बाधक आहे ह्या भूमिकेवरून, त्यास विरोध केला. तरीही कायदा मंजूर झाला आणि हक्क १८०० सालापर्यंत वाढला. १७७६ साली पहिली दोन मोठी यंत्रे चालू झाली आणि लोकांनी डोळ्यांनी पाहिले की काम तेच, पण कोळसा फारच थोडा.

बोल्टन आणि वॅट ह्यांची कंपनी आरंभी यंत्र विकत नसे. भाग गिऱ्हाइकाने निरनिराळ्या कारखान्यांतून आणावयाचे. कंपनीने आराखडे, काही नाजूक भाग व बांधणारा माणूस द्यावयाचा. आणि जुन्या यंत्राच्या मानाने जितका कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश प्रतिवर्षी कंपनीस द्यावयाचा. किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यासाठी यंत्राच्या तुळईवर कुलूपबंद पेटीत एक गणकयंत्र बसविलेले असे. कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या व कथिलाच्या खोल खाणी होत्या. तेथे कोळसा मुळीच नव्हता, तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. म्हणून नवे यंत्र तेथे फार लवकर पसरले. आरंभी खाणमालक खूष होते. पण वर्षामागून वर्षे जाऊ लागली, तांब्याचे भाव उतरले, आणि आपल्याच खाणीत, आपल्याच पैशाने उभारलेल्या यंत्राबद्दल दूरच्या बर्मिंगहॅमला दरसाल मोठा आकार भरणे त्यांना डाचू लागले. खंडाने जमीन कसणाऱ्यास मालकाविषयी जे वाटते, तेच त्यांना वाटू लागले असल्यास नवल नाही.

मध्यंतरी एक विलक्षण गोष्ट घडली. यंत्राने नुसते पाणी न उपसता चाकही फिरवावे, म्हणून वॅट प्रयोग करीत होता. त्यासाठी पायरहाटास असतो तसा वाकडा दांडा, म्हणजे भुजादंड, पुरेसा होता. पण १७८० साली बर्मिंगहॅमच्याच जेम्स पिकार्डने वाफेच्या यंत्रास भुजादंड जोडण्याचे पेटंट घेतले. आपल्याच कारखान्यातील एका मजुराने गुपित फोडले, असा वॅटचा समज होता. तथापि त्याने फिर्याद केली नाही. पेटंटांची चिकित्सा एकदा न्यायासनासमोर सुरू झाली तर आपलेही पेटंट तावून-सुलाखून पाहिले जाईल, ही धास्ती त्याला होती. म्हणून १७८१ साली त्याने दोन दातेरी चाके एकमेकांभोवती फिरविण्याची निराळीच युक्ती काढली. दुसऱ्याच्या हक्काची भिंत आडवी आली म्हणजे कसे वाटते, ह्याचा अनुभव त्याला असा घरबसल्या मिळाला. पुढील काही वर्षांत दट्ट्यास दोन्ही बाजूंनी वाफ देण्याची रीत, दांडा सरळ रेषेत चालविणारी समांतर गती, आणि वेग आपोआप आवरणारा नियंत्रक ह्यांची भर त्याने घातली. घोड्याच्या कामाशी तुलना करून अश्वशक्तीचे मापही त्यानेच रूढ केले.

आता तंट्याकडे वळू. जोनाथन हॉर्नब्लोअर हा कॉर्नवॉलमधील यंत्रज्ञांच्या घराण्यातला. त्याने १७८१ साली दोन नळकांड्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. एका नळकांड्यात काम करून झालेली वाफ दुसऱ्यात नेऊन पुन्हा कामाला लावावयाची, ही त्याची कल्पना स्वतंत्र होती आणि काळाने ती खरी ठरविली. परंतु शेवटी वाफ थंड करावयाची तर ती निराळ्या भांड्यातच केली पाहिजे. आणि ते भांडे वॅटचे! वॅटच्या हक्कावाचून हॉर्नब्लोअरचे यंत्र अपुरे होते आणि कंपनी इतरांस असा परवाना देत नसे. १७९२ साली हॉर्नब्लोअरने आपल्या पेटंटाची मुदत वाढावी म्हणून पार्लमेंटास अर्ज केला. कंपनीने विरोध केला व तो अर्ज फेटाळला गेला. त्याच सुमारास एडवर्ड बुल हा कंपनीकडचाच पूर्वीचा माणूस कॉर्नवॉलात स्वतंत्रपणे यंत्रे उभारू लागला. तेव्हा मात्र कंपनी कोर्टात गेली.

१७९३ साली बुलविरुद्धच्या खटल्यात ज्यूरीने कौल वॅटच्या बाजूने दिला. पण कायद्याचा मुद्दा न्यायाधीशांसाठी राखून ठेवला गेला. तो मुद्दा असा : नुसत्या तत्त्वावर कोणाचा हक्क असू शकतो काय? आणि ज्या वर्णनावरून कसबी कारागिरास यंत्र बांधता येत नाही, ते वर्णन कराराची पूर्तता करते काय? सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या चातुर्याचा हिशेब आता मागितला जात होता. १७९५ साली चार न्यायाधीशांनी निकाल दिला. दोन वॅटच्या बाजूस, दोन विरुद्ध. म्हणजे निकाल लागूनही न लागल्यासारखाच झाला. बऱ्याच खाणमालकांनी पैसे भरणे थांबविले. मग जोनाथनचा भाऊ जेबेझ हॉर्नब्लोअर व त्याचा भागीदार माबर्ली ह्यांच्यावर दुसरी फिर्याद झाली. कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेले यंत्रज्ञ जोसेफ ब्रामा विरुद्ध बाजूने उभे राहिले. वॅटचे ग्लासगोचे जुने मित्र प्राध्यापक रॉबिसन आजारी असूनही साक्षीसाठी आले. अखेर १७९९ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायासनाने एकमताने वॅटचा हक्क वैध ठरविला. थकलेल्या रकमा वसूल झाल्या. परंतु पेटंटाचे आयुष्य तोवर अवघे एक वर्ष उरले होते.

न्याय झाला काय? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आमचे मन एका बाजूस सहज झुकत नाही. एकीकडे पाहावे तर वॅटने तारुण्याची दहा-अकरा वर्षे ह्या एका कल्पनेपायी दैन्यात घालविली. हक्काची शाश्वती नसती तर बोल्टन ह्यांच्यासारख्याने त्यात पैसा घातला नसता आणि संघनक कदाचित किनीलच्या खोपटातच गंजला असता. मेहनत एकाने करावी आणि फळ दुसऱ्याने आयते तोडावे, हे कोणत्याही नीतीत बसत नाही. दुसरीकडे पाहावे तर, एका माणसाच्या हक्कामुळे दुसऱ्या तितक्याच बुद्धिमान माणसाची कल्पना वीस वर्षे खोळंबली. हॉर्नब्लोअरने चोरी केली, असे आम्हांस म्हणवत नाही. त्याचे दुर्दैव एवढेच की त्याच्या वाटेवर दुसऱ्याचे कुंपण होते.

१८०० नंतर काय घडले, ते मोठे बोलके आहे. कुंपण गेले. कॉर्नवॉलचेच रिचर्ड ट्रेव्हिथिक ह्यांनी, वॅट ज्यास धोक्याचे मानीत आला होता त्या अधिक दाबाच्या वाफेची यंत्रे बांधली आणि १८०४ साली वेल्समध्ये रुळांवरून पहिले वाफेचे इंजिन चालविले. आर्थर वुल्फ ह्यांनी हॉर्नब्लोअरची दोन नळकांड्यांची कल्पना पुन्हा उचलून यशस्वी केली. आणि १८११ पासून कॉर्नवॉलमध्ये जोएल लीन ह्यांनी एक मासिक पत्रक चालू केले. कोणत्या खाणीतील कोणते यंत्र किती कोळशात किती पाणी उपसते, हे त्यात दरमहा छापून येई. ज्याचे यंत्र मागे पडे, तो पुढच्याचे पाहून सुधारे. कुलूपबंद पेटीतील आकडे उघड्या कागदावर आले आणि काही दशकांत त्या यंत्रांची कामगिरी दुपटीहून अधिक वाढली. वाफेच्या वाटेवर पुढे जगभर लोखंडी रूळ पडले. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली आणि १८८७ साली ती आमच्या बेळगावासही आली.

वॅटने १८०० साली धंदा मुलांच्या हाती सोपविला. १८०४ साली त्याचा बुद्धिमान पुत्र ग्रेगरी गेला, १८०९ साली बोल्टन गेले. हीथफील्ड येथील घराच्या माळ्यावर त्याने आपली कर्मशाळा थाटली आणि पुतळ्यांच्या प्रती कोरणारे यंत्र घडविण्यात उरलेले दिवस घालविले. तेथे ना भागीदार होते, ना वकील. तरुणपणी ग्लासगोस होती तशीच हत्यारे, आणि तसाच तो एकटा. २५ ऑगस्ट १८१९ रोजी त्र्याऐंशीव्या वर्षी त्याचा अंत झाला. ती खोली दीर्घकाळ जशीच्या तशी बंद राहिली. १९२४ साली ती सर्व सामानासह लंडनच्या विज्ञान संग्रहालयात नेण्यात आली. १८८२ साली विल्यम सीमेन्स ह्यांनी शक्तीच्या एककास वॅटचे नाव देण्याची सूचना केली आणि ती पुढे जगन्मान्य झाली.

आपल्या देशात शोधांच्या हक्काचा पहिला कायदा १८५६ साली झाला. आजच्या कायद्यात हा हक्क वीस वर्षांचा आहे. आणि त्यासाठी शोधकाने आपल्या शोधाचे वर्णन असे संपूर्ण द्यावे लागते की त्या विषयातील जाणत्या माणसास ते वाचून तो अमलात आणता यावा. ह्या अटीमागे जे शहाणपण आहे, ते वॅट आणि हॉर्नब्लोअर ह्यांच्यासारख्या तंट्यांतूनच माणसास हळूहळू आले आहे. शोधकास त्याचे द्यावे. पण त्यानेही समाजास त्याचे द्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या बॅटरीत, सूर्यशक्तीत अथवा आज आम्हांस नावही ठाऊक नसलेल्या एखाद्या शक्तीत नवे काही शोधून काढील. तेव्हा आपल्या श्रमाचा हक्क मागावयास लाजू नका. मात्र तो हक्क मागताना, तुमच्यापूर्वी कोणाचे यंत्र दुरुस्तीस तुमच्या हाती आले होते आणि तुमच्यानंतर कोण वाटेवर उभा आहे, ह्या दोघांचेही स्मरण असू द्या.